टीव्हीच्या खोक्यावर न छापलेला आकडा

चाळिशी ओलांडलेल्या पिढीला सध्या आपल्या लहानपणीच्या व्हिडीओ गेमचं पुन्हा वेड लागलं आहे. मारिओ, काँट्रा, टँक, डक हंट. नव्वदच्या दशकात शेजारच्यांकडे जमून, नंबर लावून खेळलेले हे खेळ. कोणी माळ्यावरचा गेम खाली काढतो, पिवळी पडलेली कॅसेट फुंकर मारून बसवतो; कोणी हजारो गेम भरलेली तळहाताएवढी डबी ऑनलाइन मागवतो. रविवारी दुपारी ती हॉलमधल्या ५५ इंची टीव्हीला जोडली जाते, मुलांना हाका मारून बोलावलं जातं, आणि मारिओ पहिल्याच खड्ड्यात पडतो. पुन्हा सुरू केला की पुन्हा तिथेच पडतो. एकेकाळी न बघता ओलांडलेला खड्डा! "बाबा, तू म्हातारा झालास," असा निकाल मुलगी देऊन टाकते, आणि बाबालाही तो मनातून पटतो.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. म्हातारपण बाबाच्या अंगठ्यात नसतं, टीव्हीत असतं.

डोळ्यांना काही दिसलं की लगेच बटण दाबायचं, या साध्या कामाला निरोगी तरुण माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. डोळ्याच्या पडद्यावर पडलेला प्रकाश मेंदूच्या मागच्या भागात पोचायचा, तिथे त्याचा अर्थ लागायचा, निर्णय व्हायचा आणि हुकूम पाठीच्या कण्यातून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत उतरायचा, एवढा हा प्रवास आहे. वयानुसार तो लांबतो हे खरं आहे. पण साध्या प्रतिक्रियेत ही वाढ दर दहा वर्षांमागे काही मिलिसेकंदांचीच असते. अनेक पर्यायांतून एक निवडायचा असेल तर थोडी जास्त. पंधराव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत माणूस जेवढा मंदावतो, त्यापेक्षा जास्त उशीर आजचे कित्येक टीव्ही एका चित्रामागे करतात. चित्र सजवण्याच्या सगळ्या सोयी चालू असतील तर काही टीव्हींत हा उशीर १०० मिलिसेकंदांच्याही पुढे जातो.

हा उशीर येतो कुठून? पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीत साठवणूक नव्हती. गेमकडून संदेश येत जाई तसतसा इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ओळीमागून ओळ चित्र काढत जाई. नवा टीव्ही आधी अख्खं चित्र ताब्यात घेतो. मग ते साफ करतो, धारदार करतो, मोठं करतो, रंग चढवतो; एवढ्यावर न थांबता दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेतलं तिसरं चित्र घुसवतो, म्हणजे हालचाल लोण्यासारखी दिसावी. सिनेमा बघताना याने काही बिघडत नाही, आवाजही तेवढाच मागे सरकवून जुळवला जातो. खेळताना मात्र बिघडतं, कारण तिथे माणूस नुसता बघत नसतो, उत्तर देत असतो.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर जातो. फलंदाजाला तो १०० मिलिसेकंद उशिरा दिसू लागला, तर प्रत्यक्षात चेंडू दिसतो त्यापेक्षा चार मीटर जवळ येऊन ठेपलेला असेल. सगळी खेळपट्टी २० मीटरची. अशा फलंदाजाला कोणी म्हातारा म्हणणार नाही, त्याचा चष्मा तपासायला सांगेल.

पुरावा हवा असेल तर डक हंट खेळून बघावा. तो नव्या टीव्हीवर चालतच नाही. घोडा ओढला की त्या खेळात पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला प्रकाश ओळखणारा डोळा तो चौकोन नेमक्या त्याच क्षणी शोधतो. टीव्हीने चौकोन उशिरा दाखवला की बंदुकीच्या हिशोबी नेम चुकला. शिवाय हा डोळा पिक्चर ट्यूबच्या प्रकाशाचीच लय ओळखतो. त्यामुळे कितीही महाग टीव्ही घेतला तरी मूळ बंदुकीने बदक मरणार नाही, आणि तसं मरेल असं सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नये.

आता मुलीचा मुद्दा. तिला त्याच टीव्हीवर बाबापेक्षा बरं जमतं, हे कसं? ठरावीक उशिराशी मेंदू जुळवून घेतो. रोज तेवढाच उशीर होत असेल तर लहान मेंदू तो हिशोबात धरतो आणि बटण तेवढं आधी दाबायला शिकवतो. मुलगी या टीव्हीवरच शिकली. बाबाच्या लहान मेंदूत मात्र जवळजवळ शून्य उशिराच्या टीव्हीवर हजारो वेळा घोटलेली उडी जशीच्या तशी जपून ठेवलेली आहे. सायकल विसरत नाही तशी. ती उडी अचूक आहे, फक्त ती दुसऱ्या यंत्रासाठी शिकलेली आहे.

म्हणून जुन्या खेळांसाठी टीव्ही घेताना पहिला प्रश्न इंचांचा नको आणि फोर-के आहे का हाही नको. गेम मोड आहे का, आणि तो लावल्यावर उशीर किती, हे विचारावं. चांगल्या टीव्हीत तो १० ते २० मिलिसेकंदांपर्यंत उतरतो. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद, तेव्हा उशीर एका चित्राच्या आसपास राहिला की अंगठ्याला तक्रार उरत नाही. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: नव्या टीव्हींत गेम जोडला की गेम मोड आपोआप लागण्याची सोय असते, पण त्यासाठी गेमच्या यंत्राने तशी खूण पाठवावी लागते. चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र ती पाठवत नाही. रिमोट घेऊन हातानेच लावावा लागतो. दुकानात तर टीव्ही भडक रंगांच्या 'व्हिविड' अवस्थेत लावून ठेवलेला असतो, म्हणजे खेळासाठी सर्वांत वाईट अवस्थेत.

फोर-के अगदीच निरुपयोगी आहे असं मात्र नाही, आणि याचं कारण साध्या भागाकारात आहे. निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राचं चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० ओळी उंच होतं. आपल्याकडे ज्यांच्या नकला घरोघरी होत्या ते हेच यंत्र. फुल एचडीच्या १०८० ओळींना २४० ने भागलं की साडेचार येतात. अर्धी ओळ दाखवता येत नाही, म्हणून चित्र कुठे जाड कुठे बारीक किंवा पुसट होतं. फोर-केच्या २१६० ओळींना भागलं की बरोब्बर नऊ. चित्र रेखीव बसतं. अर्थात इतकं रेखीव चित्र मूळ चित्रकारांना अपेक्षित होतं का, हा वेगळा वाद. १९९१ च्या सॉनिकमधला धबधबा उभ्या पट्ट्यांचा काढलेला आहे. जुन्या वायरीतून आणि जुन्या टीव्हीवर त्या पट्ट्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं. नव्या टीव्हीवर ती नुसती जाळी दिसते.

खरी अडचण त्या पिवळ्या पिनेची आहे. लाल-पांढरी आवाजाची, पिवळी चित्राची. अनेक नव्या टीव्हींत ती जागाच नसते, म्हणून लॅमिंग्टन रोडवर नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन स्वस्त कन्व्हर्टर आणला जातो. जुना गेम २४० ओळींचं पूर्ण चित्र पाठवतो. हे कन्व्हर्टर आणि बरेच टीव्हीही त्याला अर्ध्या-अर्ध्या ओळींचं टीव्ही प्रक्षेपण समजतात आणि दोन चित्रं एकमेकांत विणत बसतात. यात पुन्हा वेळ जातो. शिवाय गोळी लागल्यावर लुकलुकणारा नायक पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो किंवा गायब होतो. ज्याच्याकडे मूळ यंत्र आहे आणि ज्याला ते मनापासून वापरायचं आहे, त्याने खास जुन्या खेळांसाठी बनवलेला अपस्केलर घ्यावा. तो महाग असतो, पण टीव्हीवर उधळायचे पैसे तिथे वळवणं जास्त शहाणपणाचं. बाकीच्यांनी एचडीएमआय असलेली डबी वापरावी आणि चित्राचं माप ४:३ वर ठेवावं. मारिओ लठ्ठ दिसत असेल तर ते माप चुकलेलं आहे.

इथवरची तक्रार मौजेची होती. पुढची तशी नाही.

१६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये पोकेमॉन या कार्टूनच्या एका भागात काही सेकंद पडदा लाल-निळा, लाल-निळा असा झगझगला. सेकंदाला सुमारे १२ वेळा. त्या रात्री सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, त्यात बहुतांश मुलं होती. अनेकांना नुसती मळमळ किंवा डोकेदुखी होती, पण काहींना खरोखरीच्या फिट आल्या होत्या, आणि त्यांतल्या अनेकांना त्याआधी कधीही फिट आलेली नव्हती. याला प्रकाशसंवेदी अपस्मार म्हणतात. तो दुर्मीळ आहे. फिटचा आजार असलेल्या शंभर जणांत साधारण तिघांना असतो, आणि शाळकरी व किशोर वयात जास्त आढळतो. अशा मेंदूला सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप धोक्याची. पडद्याने नजरेचा जितका मोठा भाग व्यापला असेल, झगमग जितकी प्रखर असेल आणि लाल रंग जितका गडद असेल, तितका धोका जास्त.

या घटनेनंतर प्रक्षेपणाचे नियम कडक झाले. ऐंशीच्या दशकातले गेम त्याच्या आधीचे. स्फोट झाला की अख्खा पडदा पांढरा-काळा करणं हा तेव्हाचा स्वस्त आणि लाडका चमत्कार होता. तो २१ इंची टीव्हीवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बघायला मिळायचा. आता तेच चित्र ४:३ मापात ५५ इंची टीव्हीवर लावलं तर क्षेत्रफळ सुमारे साडेचार पट होतं, आणि प्रखरता कितीतरी जास्त. खेळ तोच आहे, मात्रा बदलली आहे. औषधाच्या बाबतीत असं झालं असतं तर बाटलीवर नवं लेबल लागलं असतं.

याचा अर्थ जुना टीव्ही सुरक्षित होता असा नाही. आपल्याकडचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही सेकंदाला ५० वेळा लुकलुकायचा, आणि जवळून बघितल्यावर ओळींची थरथर २५ ची व्हायची, म्हणजे नेमकी धोक्याच्या पट्ट्यात. टीव्हीच्या फार जवळ बसून मुलांना फिट येतात, हे निरीक्षण वैद्यकात जुनं आहे. त्या बाबतीत आजचा न लुकलुकणारा पडदा उजवाच. पण हा फायदा काही उत्पादक स्वतःच काढून घेतात.

त्याचं असं आहे. नवा टीव्ही प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो. धावणाऱ्या मारिओमागे डोळा सरकत राहतो, चित्र मात्र १७ मिलिसेकंद जागेवर थांबतं, आणि डोळ्याच्या पडद्यावर ते फरफटल्यासारखं पुसट होतं. पिक्चर ट्यूबवर प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा, म्हणून हालचाल स्वच्छ दिसायची. ओएलईडीचे ठिपके कितीही चपळ असले तरी हा दोष जात नाही. तो घालवायला दोन चित्रांमध्ये काळा पडदा दाखवण्याची सोय दिलेली असते. ब्लॅक फ्रेम इन्सर्शन किंवा मोशन क्लॅरिटी अशा नावांखाली ती मेनूत सापडते. जुन्या खेळांचे शौकीन तिची फार तारीफ करतात, आणि हालचाल खरोखरच सुंदर दिसते. पण ही सोय म्हणजे सेकंदाला ६० वेळा होणारी उघडझाप. बहुतेकांना ती जाणवत नाही. अर्धशिशीच्या काही रुग्णांचं डोकं मात्र तिने दुखू शकतं, आणि प्रकाशसंवेदी रुग्णांतले काही ५० पर्यंत, थोडे ६० पर्यंतही संवेदनशील असतात. घरात कोणाला फिटचा त्रास आहे किंवा कधी होता, लहान मुलं सोबत खेळणार आहेत, तर ती बंद ठेवावी. मारिओ थोडा पुसट दिसला तर काही बिघडत नाही.

अशा घरांत टीव्ही ४३ इंचांपर्यंतचाच पुरे. आठ फुटांवर बसावं, खोलीत दिवा चालू असावा, टीव्हीची प्रखरता निम्म्यावर आणावी. झोप अपुरी झालेली असताना खेळू नये, कारण जागरण हे फिटला स्वतंत्र निमंत्रण आहे. झगझग सुरू झाली आणि विचित्र वाटू लागलं तर एका डोळ्यावर तळहात घट्ट धरून तोंड फिरवावं. दोन्ही डोळे नुसते मिटल्याने पापण्यांतून लाल प्रकाश आत जातोच. आणि फिट आलीच तर चप्पल आणि कांदा बाजूला ठेवावा. सरकारी रुग्णालयाच्या दारात आजही नाकाला कांदा लावलेली मुलं येतात. कुशीवर वळवावं, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ बघावं. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय.

मग भंगारवाल्याकडून पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणायचा का? शौकिनांचा आग्रह असतो, आणि उशिराच्या बाबतीत त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. एकट्या राहणाऱ्या, जागा आणि पाठ दोन्ही शाबूत असलेल्या माणसाने जरूर आणावा. रांगतं, धरून उभं राहणारं मूल असलेल्या घरात नको. त्या टीव्हीचं सगळं वजन पुढच्या काचेत असतं. टेबलाच्या कडेवरून तो पुढे कोसळतो, आणि लहान मुलांच्या डोक्याच्या गंभीर दुखापतीचं ते माहीत असलेलं कारण आहे. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात, तेव्हा मागचं झाकण घरी उघडू नये. काचेत शिसंही असतं. टाकताना फोडू नये, ई-कचऱ्यात द्यावा.

टीव्हीच्या खोक्यावर आज इंच छापलेले असतात, ओळी छापलेल्या असतात, विजेचे तारे तर चिकटवावेच लागतात. उशीर छापलेला नसतो. पडद्यामागचा दिवा लुकलुकतो की नाही आणि किती वेगाने, हेही नसतं, आणि अर्धशिशीच्या रुग्णाला नेमकं तेच हवं असतं. दोन्ही आकडे कारखान्यात मोजता येतात. विजेच्या ताऱ्यांशेजारी त्यांना दोन बोटं जागा द्यायला कोणाचं फारसं नुकसान नाही. तोटा झालाच तर महागड्या मॉडेलांच्या 'लोण्यासारख्या हालचाली'च्या जाहिरातीचा होईल. हे छापणं सक्तीचं करावं. ग्राहक मागणी करत नाहीत हे उत्तर चालणार नाही, कारण ज्याला आपला अंगठाच म्हातारा झाला असं वाटतं तो मागणी करणार कशाची?

ते होईपर्यंत मोबाइल आहे. बऱ्याच फोनमध्ये स्लो मोशनचं चित्रीकरण सेकंदाला २४० चित्रांनी होतं, म्हणजे एक चित्र साधारण ४ मिलिसेकंदांचं. गेमची डबी खिशात घेऊन दुकानात जावं, टीव्हीचा गेम मोड लावून घ्यावा, आणि बटणावरचा अंगठा व पडदा दोन्ही दिसतील असा व्हिडीओ काढावा. बटण दबल्यापासून मारिओचे पाय उचलेपर्यंत किती चित्रं गेली ती मोजावीत. त्यात डबीचा स्वतःचा उशीर मिसळलेला असतो, म्हणून एका आकड्यावर जाऊ नये. तीच डबी दुसऱ्या टीव्हीला लावून पुन्हा मोजावं, फरक निघेल तो टीव्हीचा. बिनवायरीचा कंट्रोलर आणि ब्लूटूथचा साउंडबार त्या वेळी वापरू नये, दोन्ही आपापला उशीर मिसळतात. एवढं करायला दहा मिनिटं लागतात. दुकानदार प्लग काढू देत नसेल तर शेजारी दुसरं दुकान असतंच.